प्रोसेसर बदलला की गेम पळतो काय?
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषणाचा मजकूर)



मी याच शाळेचा जुना विद्यार्थी. मोठी पदवी माझ्याजवळ नाही. गावात कॉम्प्युटर दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे, त्यावर घर चालते. चिटणीस साहेबांनी "या वर्षी तुम्ही संगणकावर दोन शब्द बोला" म्हणून निरोप धाडला, तेव्हा मी त्यांना एक अट घातली. विषय मी ठरवणार नाही, मुलांनी आणि पालकांनी ठरवावा. त्याप्रमाणे ऑफिसात एक पेटी ठेवण्यात आली आणि आठ दिवसांनी ती माझ्या हवाली झाली.

पेटीतल्या बऱ्याच चिठ्ठ्या अभ्यासाच्या होत्या. कोणता कोर्स करावा, नोकरी मिळेल का, वगैरे. पण दोन चिठ्ठ्यांनी मला थांबवले. एक मुलाच्या अक्षरातली : "सर, प्रोसेसर बदलला तर गेम नीट चालेल ना? अब्बांना समजावून सांगा." दुसरी वडीलधाऱ्या माणसाच्या अक्षरातली, घडी घालून, वर नाव न लिहिता : "मुलगा प्रोसेसरसाठी तीस हजार मागतो. द्यावे काय?" दोन्ही चिठ्ठ्या एकाच घरातून आल्या असतील अशी माझी शंका आहे. नसतील तरी हरकत नाही. अशी घरे आपल्या मोहल्ल्यात पुष्कळ आहेत.

काही मंडळी मनात म्हणत असतील की, शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर खेळाची चर्चा कशाला. पण घरातून तीस हजार रुपये जाणार असतील, तर ते कशावर जातात हे कळणे हीसुद्धा तालीमच आहे. शिवाय या प्रश्नाचे उत्तर चुकीचे देऊन मी स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहे. ती हकीकत पुढे येईलच.

आधी थोडक्यात उत्तर सांगून टाकतो. प्रोसेसर बदलल्याने कधी गेम खूप सुधारतो, कधी रतीभरही सुधारत नाही. आपल्या घरात यांपैकी काय होईल, हे एक रुपया खर्च न करता अर्ध्या तासात तपासता येते. ते कसे, हे कळण्यासाठी आपण शिंप्याच्या दुकानात जाऊ.

माझे अब्बा शिवणकाम करीत. ईदच्या आधीचे पंधरा दिवस दुकानात उभे राहायला जागा नसे. कटिंग मास्तर एक आणि मशीनवर कारागीर सात-आठ. मास्तर माप पाहणार, कापड आखणार, कापणार, आणि कापलेला जोड कारागिराकडे टाकणार. कारागीर ते शिवणार. तयार कपडा खुंटीवर.

गेम खेळताना कॉम्प्युटरच्या पेटीत हेच चाललेले असते. पडद्यावर दिसणारे चित्र हलते आहे असे आपल्याला वाटते, पण ती एकामागून एक येणारी स्थिर चित्रे असतात, सिनेमासारखी. एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसर हिशेब करतो : खेळाडूने कोणते बटण दाबले, मोटार कुठे पोचली, भिंतीला कोण धडकले, समोरचा शत्रू कुठे वळणार. हा हिशेब झाला की "अमुक वस्तू अमुक जागी काढा" असा हुकूम तो ग्राफिक्स कार्डाला देतो. हे झाले कटिंग. मग ग्राफिक्स कार्ड पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचे रंग काढून चित्र पुरे करते. ही झाली शिलाई. कार्डात हजारो लहान लहान कारागीर एकाच वेळी बसलेले असतात. प्रत्येकाचे काम साधे, पण संख्या दांडगी. मास्तर एकटा, पण डोके त्याचे.

आता दुकानात कपडे उशिरा निघत आहेत. मालकाने काय करावे? कापलेल्या कापडाचे ढीग कारागिरांच्या पुढे पडून असतील, तर आणखी चपळ मास्तर आणून उपयोग शून्य. ढीग वाढेल, खुंटीवरचे कपडे तेवढेच. उलट कारागीर हातावर हात ठेवून मास्तरकडे बघत बसले असतील, तर नवी मशीने घेऊन काय होणार? तिथे मास्तरच बदलायला हवा.

आकड्यांत मांडू. समजा, एका फ्रेमचा हिशेब करायला प्रोसेसरला ८ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले आठ. आणि ती रंगवायला कार्डाला लागतात २२. दोघांची कामे बरोबरीने चालतात, एक फ्रेम रंगवली जात असताना पुढची कापली जाते, म्हणून वेग ठरतो तो हळू असणाऱ्यावर. हजाराला बावीसने भागा : सेकंदाला सुमारे ४५ फ्रेम. आता तीस हजार घालून ५ मिलिसेकंदांत हिशेब करणारा प्रोसेसर आणा. किती फ्रेम मिळतील? पुन्हा ४५. आता दुसरे घर घ्या. तिथे कार्डाला ६ मिलिसेकंद पुरतात, पण जुन्या प्रोसेसरला १४ लागतात. फ्रेम मिळतात ७१. तिथे ८ मिलिसेकंदांचा प्रोसेसर बसवला तर त्याच त्या कार्डावर १२५ मिळतील. प्रोसेसर दोन्ही घरांत बदलला. एका घरात पैसे पाण्यात, दुसऱ्या घरात वसूल.

विद्यार्थी मित्रहो, आता तपासणी कशी करायची ते लिहून घ्या. तुमच्या गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्युशन असते, म्हणजे पडद्यावर आडवे-उभे ठिपके किती. साधारण १९२० गुणिले १०८० असते, म्हणजे वीस लाखांहून थोडे अधिक ठिपके. ज्याला फोर-के म्हणतात त्यात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे बरोबर चौपट. शिंप्याच्या भाषेत सांगायचे तर साधा सदरा आणि अंगभर जरीकाम केलेली शेरवानी. मास्तरला कापायला फारसा फरक पडत नाही. कारागिराचे काम चौपट होते. म्हणून एक गंमत करा. फ्रेमवर कुठे मर्यादा घातली असेल, व्ही-सिंक वगैरे चालू असेल, तर ते आधी बंद करा. गेममधली एकच जागा ठरवा, तिथे उभे राहून फ्रेमचा आकडा पाहा. मग रिझोल्युशन खाली आणा आणि त्याच जागी पुन्हा पाहा. आकडा चांगला वर गेला, तर अडचण शिलाईची होती, म्हणजे कार्डाची. आकडा जिथल्या तिथे राहिला, तर कारागीर आधीपासूनच रिकामे बसले होते, अडचण मास्तरची.

दुसरी खूण म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा वापर किती टक्के दिसतो ते पाहणे. ९५ च्या वर सतत राहत असेल तर कार्डाचा जीव निघतो आहे. ६०-७० वर रेंगाळत असेल आणि फ्रेमला कुठे मर्यादा नसेल, तर बहुधा प्रोसेसर किंवा रॅम मागे पडते आहे. पण इथे एक फसगत होते. मुले प्रोसेसरचा आकडा पाहतात, तो असतो चाळीस टक्के, आणि म्हणतात, "प्रोसेसर तर अर्धा रिकामा आहे!" हा आकडा सर्व कोरची सरासरी असतो. एक कोर शंभर टक्के घाम गाळतो आहे आणि बाकीचे निवांत आहेत, तरी सरासरी चाळीस दिसू शकते. म्हणून कार्डाच्या आकड्यावर भरवसा ठेवा, प्रोसेसरच्या एकूण आकड्यावर नको.

कोर म्हणजे काय? एका प्रोसेसरच्या आत अनेक मास्तर. २००४ साली इंटेलचा पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला आणि तिथे गाडी अडली. वेग आणखी वाढवला तर उष्णता आवरेना. मग कंपन्यांनी एका मास्तरला पळवण्याऐवजी दोन, चार, सहा मास्तर बसवायला सुरुवात केली. पण एकच शेरवानी चार मास्तर एकदम कापू शकत नाहीत. कात्र्या एकमेकांत अडकतील. १९६७ साली जीन अ‍ॅमडाल या अमेरिकन अभियंत्याने हाच हिशेब मांडला होता. कामाचा निम्मा भाग वाटून देण्याजोगा नसेल, तर मास्तर शंभर आणा की हजार, काम दुपटीहून जलद होणारच नाही. गेमच्या हिशेबाचा बराच भाग असा न वाटता येणारा असतो. म्हणून गेमसाठी सोळा कोरचा महागडा प्रोसेसर पुष्कळदा सहा-आठ कोरच्या चांगल्या प्रोसेसरपुढे मिरवू शकत नाही. मात्र जुन्या चार कोरचे दिवस आता भरत आले आहेत, हेही खरे. आजचे मोठे गेम चारांहून अधिक मास्तर मागतात.

आणखी एक गोष्ट, जी मला फार आवडते. मास्तरच्या पुढचे टेबल लहान असेल तर त्याला दर वेळी उठून फडताळापर्यंत जावे लागते. आणि फडताळातही नसेल तर गोदामात. प्रोसेसरच्या अंगावर जी थोडीशी अतिजलद स्मृती असते, कॅश म्हणतात तिला, ते टेबल. रॅम हे फडताळ. डिस्क म्हणजे गोदाम. एएमडी कंपनीने २०२२ च्या एप्रिलमध्ये रायझेन ७ ५८००एक्स३डी नावाचा प्रोसेसर आणला. त्याच कंपनीच्या आधीच्या ५८००एक्सइतकेच कोर, आठ. गिगाहर्ट्झ तर उलट थोडे कमी. पण टेबल ३२ मेगाबाइटचे होते ते ९६ मेगाबाइटचे केले. पुष्कळ गेममध्ये हा कमी गिगाहर्ट्झवाला भाऊ मोठ्याच्या पुढे निघून गेला. विमान उडवण्याच्या गेमसारखे जे गेम हिशेबाने जड असतात, तिथे तर फारच. तेव्हा दुकानदार "गिगाहर्ट्झ बघा" म्हणाला तर मान डोलवा आणि दुसरेही विचारा.

पालकहो, आता तुमच्यासाठी. प्रोसेसरवरच्या स्टिकरवर आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन लिहिलेले असते, आणि सात हा तीनहून मोठा हे आपण पहिलीतच शिकलो आहोत. यावरच जुन्या मालाचा धंदा चालतो. "आय-सेव्हन आहे, चाचा, घेऊन टाका." पण पुढचा आकडा वाचा. आय-सेव्हन ४७७० हा चौथ्या पिढीचा, २०१३ सालचा. आय-थ्री १२१०० हा बाराव्या पिढीचा, २०२२ सालचा. दोघांचेही कोर चार. मूळ वेग एकाचा ३.४ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ३.३. कागदावर भाऊभाऊ. पण नवा प्रोसेसर प्रत्येक ठोक्याला जुन्याहून कितीतरी जास्त काम उरकतो, आणि गेममध्ये आय-थ्री आय-सेव्हनला सहज मागे टाकतो.

लॅपटॉपचा प्रोसेसर बदलून मागू नका. आजच्या लॅपटॉपमध्ये तो बोर्डाला कायमचा झाळलेला असतो. कुणी बदलून देतो म्हणाला तर तिथून उठून यावे.

आता माझी हकीकत. २०२१ साल. शाळा-कॉलेजे मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर चालली होती. माझ्या आपाचा मुलगा डिप्लोमाला. दुल्हाभाई आखातात नोकरीला. घरी २०१७ साली घेतलेला कॉम्प्युटर : आय-फाइव्ह ७४००, चार कोरचा, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स १०५० टीआय कार्ड, जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क. दिवसा लेक्चर, रात्री गेम. घोड्यावर बसून माळरान तुडवायचा एक मोठा गेम, रेड डेड रिडेम्पशन २, त्याने घेतला होता आणि तो अडखळत चाले. "मामू, काय करावे?"

खरे पाहता कार्ड बदलायला हवे होते. पण त्या वर्षी ग्राफिक्स कार्डे मिळत नव्हती. जगभर चिपांची टंचाई होती, आणि जी कार्डे येत ती आभासी चलनाच्या खाणकामासाठी उचलली जात. छापील किमतीच्या दुप्पट देऊनही माणूस रिकाम्या हाताने परते. तेव्हा मी काय केले? जे बाजारात मिळत होते ते घ्यायला सांगितले. प्रोसेसर मिळत होता. त्याच्या जुन्या बोर्डावर सातव्या पिढीच्या पुढचा प्रोसेसर चालत नव्हता, म्हणून बोर्डही नवा. सहा कोरचा रायझेन ५ ५६००एक्स आणि बोर्ड मिळून तीस हजारांच्या वर गेले. दुल्हाभाईंनी फोनवर एवढेच विचारले, "तू म्हणतोस ना? मग पाठवतो."

बसवून झाल्यावर मी विचारले, "काय रे, फरक पडला ना?" तो म्हणाला, "हो मामू, खूप."

दोन महिन्यांनी त्याच्या घरी जेवायला गेलो होतो. टेबलावर त्याची वही पडली होती. मी उगीच चाळली. तिच्या शेवटच्या पानावर दोन रांगा होत्या : जुना प्रोसेसर, नवा प्रोसेसर. खाली गेममधल्या जागांची नावे आणि आकडे. ३६, ३६. ३८, ३७. ३५, ३६. पान संपेपर्यंत तेच. पोराने शास्त्रशुद्ध तपासणी केली होती, उत्तर काढले होते, आणि मामूला वाईट वाटू नये म्हणून वही मिटून ठेवली होती.

त्या दिवशी जेवण मला गोड लागले नाही. मी तपासले असते तर कळले असते. रिझोल्युशन खाली आणण्याची जी युक्ती मघाशी तुम्हाला सांगितली, ती मला तेव्हाही माहीत होती. केली नाही, कारण मला ठाऊक आहे असे मला वाटत होते. दुसऱ्या एका हलक्या गेममध्ये, व्हॅलोरंटमध्ये, फ्रेमचा आकडा चांगला वाढला होता. पण त्याचा मॉनिटर होता ६० हर्ट्झचा. सेकंदाला साठच चित्रे दाखवणारा पडदा, त्याला दीडशे दिली काय आणि दोनशे दिली काय.

मग आम्ही दोघे नीट बसलो. मधूनमधून जो झटका येई, घोडा पळता पळता थबके, त्याचे कारण निराळेच निघाले. सरासरी ३६ फ्रेम असल्या तरी मध्येच एखादी फ्रेम सेकंदाचा दहावा भाग खाऊन जाई, आणि डोळ्याला खटकते ती तीच. रॅम भरून जाई, मग गोदामात धाव, आणि गोदाम म्हणजे ती फिरती डिस्क. रॅमची दुसरी ८ जीबीची पट्टी घातली. दोन पट्ट्या जोडीने बसल्या की फडताळाला दोन दारे होतात, वाहतूकही दुप्पट होऊ शकते. गेम एसएसडीवर घेतला. खर्च काही हजारांचा. झटके जवळजवळ गेले. ३६ चे ३६ च राहिले, पण खेळता येऊ लागले.

तेव्हा मुलांनो, अब्बांकडे मोठी रक्कम मागण्याआधी ही किरकोळ कामे करून पाहा. पेटी उघडून धूळ काढा. आपल्याकडे मे महिन्यात काय उकाडा असतो ते सांगायला नको. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. पाच-सहा वर्षांचा असेल तर त्यावरचा थर्मल पेस्ट सुकलेला असतो, तो बदलायला काही शेच रुपये लागतात. एका घरी मी गेलो, तर पेटी बंद कपाटात आणि वर हौसेने विणलेले क्रोशाचे झाकण. त्या बाईंना वाईट वाटेल म्हणून मी झाकणाचे कौतुक केले आणि ते टीव्हीवर घालायला सुचवले. दुसऱ्या घरी तर मॉनिटरची केबल कार्डाऐवजी बोर्डाच्या मागच्या भोकात खोचलेली. दोन वर्षे कार्ड आराम करीत होते आणि बिचारा प्रोसेसर चित्रकलाही करीत होता. केबल बदलली, पैसे घेतले नाहीत, पण चहा घेतला.

मग प्रोसेसर बदलावा तरी कधी? एक उदाहरण सांगतो. बी.एस्सी. करणारी एक विद्यार्थिनी माझ्या दुकानी येते. तिच्याकडे २०१७ सालचा रायझेन ३ १२०० होता, चार कोरचा. कार्ड तिने शिकवणीच्या पैशातून चांगले घेतले होते. विमानाचा गेम ती आवडीने खेळे. मोठ्या शहरावरून विमान नेले की सारे रखडे. ती येतानाच कागद घेऊन आली : रिझोल्युशन कमी केले तरी फ्रेम तेवढ्याच, कार्डाचा वापर पन्नास-साठ टक्के. मला सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते. तिचा बोर्ड एएमडीच्या एएम४ जातीचा, आणि या जातीचा गुण असा की २०१७ च्या पुष्कळ बोर्डांवर बायोस नवे केले की २०२२ सालचा प्रोसेसरही चालतो. नवा बोर्ड नको, नवी रॅम नको. सहा कोरचा रायझेन ५ ५६०० तेवढा घेतला.

इथे दोन सूचना. एक, बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत आपल्या बोर्डाचे नाव आणि त्यापुढे त्या प्रोसेसरचे नाव आहे का, हे आधी पाहावे. दुसरी, बायोस नवे करायचे ते जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. नवा बसवून मग करू म्हटले तर बऱ्याच बोर्डांचा पडदा काळाच राहतो. आणि ते काम चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. आपल्या गावच्या विजेचा भरवसा काय तो तुम्ही जाणता. यूपीएस नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्या घरी पेटी उचलून न्या. तिने तसेच केले, रिक्षात मांडीवर घेऊन.

एक कारण गेमबाहेरचेही आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरलाच अधिकृतपणे मान्य करते. सातव्या पिढीवाल्यांनी प्रोसेसर बदलण्याचा विचार केला तर तो चुकीचा म्हणता येणार नाही, मग गेममध्ये एक फ्रेम वाढो वा न वाढो. पण कारण ते सांगावे. अभ्यासाचे नाव पुढे करून गेमसाठी पैसे काढायचे, असे करू नका. गेमसाठी हवे तर गेमसाठी म्हणून मागा, मोजलेले आकडे पुढे ठेवून मागा. आणि पालकहो, मुलगा आकडे घेऊन आला तर निदान कागद तरी हातात घ्या. "खेळात काय ठेवलंय" म्हणून उडवून लावू नका. माझ्या भाच्याने वहीत जे केले होते, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे तेच ठेवायचे, आणि जे दिसले ते लिहायचे, ते प्रयोगशाळेत शिकवायला आपण फी भरतो.

त्या तीस हजारांचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली, कार्डांवरचे त्याचे खाणकाम बंद झाले, आणि कार्डांच्या किमती, ज्या त्याआधीच उतरू लागल्या होत्या, माणसाच्या आवाक्यात आल्या. दुल्हाभाई तेव्हा रजेवर घरी होते. भाच्याला आता रॅडिऑन आरएक्स ६६०० कार्ड हवे होते. मी या वेळी तोंड उघडले नाही. त्याने ती वहीच वडिलांपुढे ठेवली. पहिले पान, ज्यावर माझी चूक होती, तेही. जुन्या कार्डाला ७५ वॅट पुरत, याला १३२ लागणार, म्हणून जुना पॉवर सप्लाय चालणार नाही, त्याचे अमुक, कार्डाचे तमुक, जुने कार्ड विकून अमुक परत, असा सगळा ताळेबंद. दुल्हाभाईंनी चष्मा लावून पान वाचले. ३६, ३६ वर बोट ठेवून माझ्याकडे एकदा पाहिले. मी पंख्याकडे पाहिले.

"म्हणजे हा प्रोसेसर एक वर्ष फुकट बसून होता?" त्यांनी विचारले.

"फुकट नाही, अब्बा," तो म्हणाला, "कार्डाची वाट बघत होता. आता कामाला लागेल."

कार्ड आले. वहीच्या तिसऱ्या रांगेत आकडे दुपटीच्या वर गेले, आणि जुना आय-फाइव्ह असता तर गर्दीच्या ठिकाणी एवढे मिळाले नसते, हेही खरे. त्या रात्री दुल्हाभाई जेवण झाल्यावर पोराच्या मागे खुर्ची टाकून बसले. थोडा वेळ पाहिले. मग विचारले, "घोड्यावरून उतरायचे बटण कोणते?"